पहिली व्हीएमसी, पहिलं कॅड-कॅम: आधी काय ठरवायचं?

प्रश्न: भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक जुनं मिलिंग, एक रेडियल ड्रिल. वीस वर्षं जॉबवर्क करतोय. आता पहिली व्हीएमसी (संगणकाच्या आकड्यांवर चालणारं, उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन) घ्यायचा विचार आहे. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमा करून वर कॅडचा (संगणकावर मॉडेल आणि ड्रॉइंग करण्याचा) कोर्सही करून आलाय. सॉफ्टवेअर आधी घ्यावं की मशीन? कोणतं घ्यावं? आणि मुलाला आणखी काय शिकवावं?

उत्तर:

सॉफ्टवेअरचं नाव मी शेवटी सांगतो, कारण त्याने सगळ्यात कमी फरक पडतो. आधी एका जॉबची गोष्ट सांगतो. मी टूलरूममध्ये सत्तावीस वर्षं काढली. पहिली नऊ लेथ आणि बेंचवर, पुढची कॅमचे (मॉडेलवरून मशीनला टूलचा मार्ग देणारे) प्रोग्रॅम आणि फिक्स्चर (जॉब धरून ठेवणारी साधनं) करण्यात. एवढ्या वर्षांत सगळ्यात जास्त शिकलो ते या एका जॉबमधून.

एका गिऱ्हाइकाने पंपाचं जुनं बेअरिंग हाउसिंग आणून दिलं. ड्रॉइंग हरवलेलं होतं. "असेच वीस नग करून द्या" एवढंच सांगितलं. आमच्याकडे एक नवा मुलगा होता, सॉफ्टवेअरवर हात अतिशय चांगला. त्याने बोअर गेजने भोक मोजलं, ७२.०८ मिलिमीटर आलं. त्याने मॉडेलमध्ये ७२.०८ टाकलं. बाकीची मापंही अशीच काळजीपूर्वक घेतली, सुरेख मॉडेल केलं, ड्रॉइंग काढलं. मी ते तपासलं आणि सही केली. कास्टिंग आलं, बोअरिंग झालं, वीसच्या वीस नग ड्रॉइंगप्रमाणे अचूक निघाले. गिऱ्हाइकाने बेअरिंग बसवायला घेतलं, तर ते हाताने आत गेलं आणि हातानेच बाहेर आलं.

त्या हाउसिंगमध्ये ६२०७ नंबरचं बेअरिंग बसायचं. कुठल्याही कंपनीच्या कॅटलॉगमध्ये त्याची मापं तीच: आतला व्यास ३५, बाहेरचा ७२, रुंदी १७. म्हणजे भोक ७२ एच ७ (एच ७ म्हणजे भोकाच्या मापाला दिलेली ठरलेली मोकळीक) हवं, ७२.००० ते ७२.०३० च्या दरम्यान. जुन्या नगात बेअरिंगची बाहेरची रिंग वर्षानुवर्षं फिरून भोक घासून मोठं झालं होतं. म्हणूनच तर गिऱ्हाईक नवीन करायला आलं होतं. आम्ही झीज मोजली आणि तिचीच नक्कल केली. पुढे वीसही नग मोठे बोअर करून त्यांत बुश (नळीसारखी अस्तरं) ठोकले आणि परत ७२ ला फिनिश केले. खर्च आमचा.

त्या मुलाची मोजणी चुकली नव्हती, सॉफ्टवेअरही चुकलं नव्हतं. इथे बेअरिंग बसतं हे कोणीच कुठे नोंदवलं नव्हतं. तेव्हापासून मी शिकवताना हेच सांगतो की मॉडेल म्हणजे निर्णयांची वही आहे. प्रत्येक आकड्यामागे "हा का?" याचं उत्तर हवं. हे भोक ७२ का? बेअरिंगसाठी. ही भिंत ८ ची का? ओतकामात लोखंड पोचावं आणि बोल्ट आवळल्यावर तडकू नये म्हणून. ज्या आकड्याला कारण नाही तो आकडा सैल सोडा, त्याच्यामागे मशीनचा वेळ घालवू नका. बघा, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आलं.

आता कॅड खरोखर कामाला येतं ते कुठे? तुमच्या मुलाने कोर्समध्ये सुंदर थ्रीडी मॉडेल केली असतील. ती फिरवून बघायला छान वाटतात. पण खरी ताकद मापं एकमेकांना बांधण्यात आहे. वरचंच हाउसिंग घ्या. मॉडेल करताना बेअरिंगचा बाहेरचा व्यास हे मूळ माप धरलं, भिंतीची जाडी त्यावरून, बोल्टांचं वर्तुळ भिंतीवरून, फ्लँज बोल्टांवरून, असं एकाला एक बांधलं, तर उद्या गिऱ्हाईक म्हणालं "६२०८ बसवायचंय", तर ७२ च्या जागी ८० आणि १७ च्या जागी १८ टाकलं की सगळं हाउसिंग आपोआप पुढे सरकतं. नाही बांधलं, तर भोक मोठं होतं आणि बोल्टच्या भोकाला जाऊन भिडतं. दोन्ही मॉडेल पडद्यावर एकसारखीच दिसतात. मुलगा कसा काम करतो हे बघायचं असेल तर त्याच्या एखाद्या मॉडेलमधलं एक मूळ माप बदलायला सांगा आणि बाकीचं काय होतं ते बघा. दोन मिनिटांत कळतं.

ही बांधणीची कल्पना संगणकावरच्या ड्रॉइंगइतकीच जुनी आहे. १९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीमध्ये स्केचपॅड हा प्रोग्रॅम केला. पडद्यावर प्रकाशाच्या पेनाने रेषा काढायची आणि "या दोन समांतर राहू देत" असा नियमही घालायचा, हे त्यातच होतं. पण मला नेहमी मोलाची वाटते ती त्याच्याही आधीची गोष्ट. संगणकाचे आकडे मशीनवर पोचले ते पडद्यावर ड्रॉइंग होण्याच्या आधी. अमेरिकेत जॉन पार्सन्स नावाचे एक कारखानदार हेलिकॉप्टरच्या पात्यांचं काम करत. पात्याचा वळसा साध्या कंपासने निघत नाही, म्हणून ते पंच कार्डांच्या यंत्रावर बिंदू काढायचे आणि मशीनवरचे कारागीर एकेका बिंदूला हँडल फिरवून पोचायचे. हेच हात मोटरने फिरवता येतील का, या प्रश्नातून हवाई दलाच्या पैशावर एमआयटीत काम सुरू झालं आणि १९५२ मध्ये छिद्रं पाडलेल्या कागदी फितीवर चालणारं मिलिंग मशीन लोकांना दाखवलं गेलं. त्या मशीनला माप कसं द्यायचं यासाठी पुढे १९५९ पर्यंत एपीटी ही भाषा तयार झाली. सदरलँड यांचा पडदा त्यानंतर आला.

हा क्रम सांगायचं कारण तुमचा पहिला प्रश्न. सॉफ्टवेअर आधी की मशीन आधी, या दोन्हींच्या आधी जॉब येतो. पार्सन्स यांच्याकडे हाताने न होणारा एक ठरावीक जॉब होता. तुमच्याकडे तो कोणता आहे? गेल्या वर्षभरात तुम्ही बाहेर करायला दिलेले, किंवा "आमच्याकडे होणार नाही" म्हणून परत पाठवलेले जॉब कागदावर लिहून काढा. त्यांचं सगळ्यात मोठं माप, धातू, सगळ्यात घट्ट टॉलरन्स (मापात चालणारी मोकळीक) आणि महिन्याचे नग. टेबल केवढं हवं, स्पिंडल (टूल फिरवणारा दांडा) किती आरपीएमचा हवा, जॉब फिरवणारा चौथा अक्ष लागेल की नाही, हे त्या कागदावरून ठरतं.

स्पिंडलचं उदाहरण देतो, कारण विक्रेत्याच्या टेबलावर हा हिशेब सहसा होत नाही. १० मिलिमीटरचा चार दाती कार्बाइड एंडमिल (टोकाने आणि बाजूने कापणारं गोल टूल) माइल्ड स्टीलमध्ये मिनिटाला १०० मीटर कटिंग स्पीडने चालवायचा असेल तर १०० ला १००० ने गुणा, ३.१४ गुणिले १० ने भागा, सुमारे ३,१८५ आरपीएम येतात. दर दाताला ०.०५ मिलिमीटर घ्यायचं तर फीड, म्हणजे टूल पुढे सरकण्याचा वेग, मिनिटाला सुमारे ६३७ मिलिमीटर. हे कुठलीही मशीन करेल. पण तुमचं काम अॅल्युमिनियमचं असेल आणि तिथे ३०० मीटर स्पीड घ्यायचा असेल तर त्याच टूलला साडेनऊ हजार आरपीएम लागतात. ६,००० च्या स्पिंडलवर हे टूल कायम अर्धपोटी चालणार. उलट तुमचं काम मोठ्या फेसमिलने कास्ट आयर्न फेस करण्याचं असेल तर आरपीएम निम्मे पुरतील, पण कमी आरपीएमला जोर हवा. लेथवर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हा हिशेब नवा नाही. तो पडद्यापाशी विसरू नका, एवढंच. कॅमच्या खिडकीत आधीपासून भरलेले स्पीड-फीड तुमचा धातू किंवा तुमची व्हाइस बघून भरलेले नसतात.

आता पकड. मुलांना शिकवताना मी सगळ्यात जास्त वेळ यावर घालवतो. पडद्यावर जॉब हवेत तरंगतो. त्याला वजन नाही, तो कुठेही धरावा लागत नाही, टूल कुठूनही आत जाऊ शकतं. खऱ्या मशीनवर पहिला प्रश्न असतो: धरायचा कुठे? आणि दुसऱ्या सेटअपला, जेव्हा पहिली बाजू तयार झालेली असते, तेव्हा कशाला टेकवून धरायचा? म्हणून माझ्याकडे नियम असा की मॉडेल उघडलं की कॅममध्ये जाण्याआधी कागदावर हाताने सेटअप काढायचे. व्हाइस कुठे, पॅरलल कुठे, क्लॅम्प कुठे, शून्य कुठे. जे भोक आणि जो फेस एकमेकांशी काटकोनात हवेत ते एकाच सेटअपमध्ये निघतील असं बघायचं. जॉब सोडून परत धरला की जे काही गमावतो ते सॉफ्टवेअर परत आणून देत नाही.

पातळ जॉबला तर पकडच आकार बदलते. पातळ रिंग तीन जबड्यांच्या चकमध्ये आवळली, आतून सुरेख गोल बोअर केली, तिथेच मोजली तर गोल. चक सोडला की ती जबड्यांच्या जागी परत फुगते आणि भोक तिपाकळी होतं. गंमत अशी की दोन टोकांनी मोजणाऱ्या बोअर गेजला ही तिपाकळी बऱ्याचदा दिसतच नाही, कुठूनही मोजा व्यास जवळजवळ सारखाच येतो. बेअरिंग बसवल्यावर मात्र ते जड फिरतं. उपाय जुनेच आहेत: जॉबच्या व्यासाला बोअर केलेले सॉफ्ट जॉ, शेवटच्या कटाआधी पकड सैल करणं, किंवा रिंग तोंडावरून दाबून धरणं. पण ते उपाय वापरायचे तर रिंगच्या तोंडावर क्लॅम्पला जागा हवी, आणि ती जागा मॉडेल करणाऱ्यानेच सोडावी लागते. डिझाइन आणि मशीनिंग एकाच छपराखाली असण्याचा हाच मोठा फायदा आणि तुमच्या घरात तो आयता आहे. बाप मशीनवर, मुलगा पडद्यावर. दोघांनी रोज अर्धा तास एका टेबलावर बसावं.

तसाच दुसरा नेहमीचा घोटाळा आतल्या कोपऱ्यांचा. एंडमिल गोल असतो, त्यामुळे खिशाचा (पॉकेटचा, म्हणजे धातूत कोरलेल्या खोलगट जागेचा) आतला कोपरा कधीच काटकोनी निघत नाही, तिथे टूलची त्रिज्या राहते. नवीन डिझाइनर कोपऱ्याला ३ ची त्रिज्या देतो आणि खिसा ४० खोल ठेवतो. म्हणजे ६ चा एंडमिल ४० हून जास्त बाहेर काढून चालवायचा. टूलची वाकण्याची गणितं निर्दय आहेत: लांबी दुप्पट केली की वाक आठपट, व्यास निम्मा केला की सोळापट. असं टूल कोपऱ्यात शिरलं की थरथरतं, भिंतीवर चॅटर (थरथरीच्या खुणा) उमटतं आणि एखाद दिवशी मोडतं. तीच त्रिज्या ६.५ केली तर १२ चं टूल चालतं. ६ का नको? कारण टूलची आणि कोपऱ्याची त्रिज्या तंतोतंत एकच असेल तर टूल कोपऱ्यात जाऊन थांबतं आणि मग वळतं, थांबल्या जागी खूण पडते. अर्धा मिलिमीटर मोठी ठेवली की ते वळत वळत बाहेर येतं. त्या खिशात बसणारा भाग खरंच चौकोनी असेल तर चारही कोपऱ्यांत भोकं पाडून मोकळीक द्या. गिऱ्हाइकाला फोन करून "त्रिज्या वाढवली तर चालेल का?" एवढं विचारायला लाजू नका. मी विचारलं तेव्हा बहुतेक वेळा "हो, चालेल की" हेच उत्तर आलंय. ड्रॉइंग काढणाऱ्याने तो आकडा सहज टाकलेला असतो.

वळणाकार पृष्ठभागाचं, म्हणजे साच्यांचं काम तुम्ही लगेच घेणार नाही असं धरतो. घेतलंत तर एकच हिशेब जवळ ठेवा. बॉलनोजच्या (गोल टोकाच्या एंडमिलच्या) दोन ओळींमध्ये जी वरंबी राहते तिची उंची म्हणजे ओळींमधल्या अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. १० च्या बॉलनोजने अर्धा मिलिमीटर अंतर ठेवलं तर वरंबी सुमारे ६ मायक्रॉन, पाव मिलिमीटर ठेवलं तर दीड, पण मशीनचा वेळ दुप्पट. पॉलिश करणारा माणूस तासाला किती घेतो आणि मशीन तासाला किती खाते, हे मांडलं की अंतर ठरतं.

कॅमकडे येऊ. मॉडेलवरून टूलचा मार्ग तयार होतो, तोपर्यंत तो कुठल्याही मशीनचा नसतो. तुमच्या कंट्रोलरला कळेल अशा जी-कोडमध्ये त्याचं रूपांतर करणाऱ्या भागाला पोस्ट प्रोसेसर म्हणतात. मी बघितलेले बरेचसे अपघात याच सांध्यावर झाले. फॅनुक या कंट्रोलरचा पोस्ट वेगळा, सीमेन्सचा वेगळा आणि एकाच फॅनुकच्या दोन मशीनमध्येही सेटिंग वेगळी असू शकते. एक साधं उदाहरण: बऱ्याच फॅनुक कंट्रोलवर "एक्स १००" असं दशांश चिन्हाशिवाय लिहिलं तर ते १०० मायक्रॉन, म्हणजे ०.१ मिलिमीटर समजलं जातं, आणि "एक्स १००." असं टिंब देऊन लिहिलं तर १०० मिलिमीटर. पोस्टमधून आलेल्या कोडमध्ये टिंब असतं. ऑपरेटरने मशीनवर हाताने एखादी ओळ बदलली की टिंब राहून जातं. म्हणून सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याला लेखी विचारा: माझ्या मशीनचा पोस्ट कोण देणार, बदल लागला तर कोण करणार, किती दिवसांत आणि किती पैशांत.

दुसरा सांधा शून्याचा. आमच्याकडे एकदा प्रोग्रॅमरने शून्य फिनिश झालेल्या वरच्या फेसवर धरलं होतं आणि सेटरने जी ५४ मध्ये (मशीनमध्ये जॉबचं शून्य नोंदवतात त्या जागी) कच्च्या कास्टिंगच्या वरच्या अंगाला शून्य घेतलं. मध्ये ३ मिलिमीटरचा माल. तो सेट सुदैवाने सगळा ३ मिलिमीटर वरच कापला गेला, रिकामा कट. उलटं झालं असतं तर पहिल्याच कटाला टूल ३ मिलिमीटर जास्त खोल गेलं असतं. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक प्रोग्रॅमसोबत एक सेटअप शीट जाते. जॉबचा फोटो, त्यावर शून्याची खूण, टूलचे नंबर, प्रत्येक टूल होल्डरबाहेर किती, क्लॅम्प कुठे. आणि पहिला नग नेहमी असाच: ऑफसेट १०० मिलिमीटर वर उचलून एकदा हवेत चालवायचा, मग खरं शून्य घेऊन सिंगल ब्लॉकवर (एका वेळी एकच ओळ), रॅपिड (न कापता सरकण्याचा वेग) कमी करून, प्रत्येक टूल जॉबजवळ आलं की थांबवायचं आणि पडद्यावरचं "डिस्टन्स टू गो" (अजून किती जायचंय तो आकडा) वाचायचं. टूल जॉबपासून डोळ्यांनी १० मिलिमीटरवर दिसतंय आणि मशीन अजून ६० जायचंय म्हणतंय, तर काहीतरी चुकलंय. रीसेट. या सवयीने माझ्या माहितीत तरी दोन स्पिंडल वाचलेत.

कास्टिंगचं काम तुमच्याकडे येणारच, पुण्यात कोल्हापूरकडचं ओतकाम भरपूर येतं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्र्यांमध्ये आता बरेच पॅटर्न (ज्यांवरून ओतकामाचा साचा बनतो ते नमुने) संगणकावरच्या मॉडेलवरून मशीनवर कापले जातात. इथे लक्षात ठेवायचं ते असं की एका भागाची तीन मॉडेल असतात: मशीनिंग झालेला भाग, मशीनिंगचा माल वाढवलेलं कास्टिंग, आणि थंड होताना आकसणार म्हणून मोठा केलेला, उतार दिलेला पॅटर्न. ग्रे आयर्न साधारण एक टक्का आकसतं, अॅल्युमिनियम त्याहून थोडं जास्त, पोलाद दोन टक्क्यांच्या आसपास. जुन्या पॅटर्नमेकरांकडे आकुंचन पट्टी असायची, तिच्यावरचे इंचच मुळात लांब आखलेले. पट्टी उचलली की वाढ आपोआप मिळायची, वेगळा विचार लागत नव्हता आणि वाढ एकदाच व्हायची. आता वाढ हा एक आकडा झालाय आणि तो कोणीही टाकू शकतो. एका कामात आमच्या डिझाइनरने मॉडेल एक टक्का मोठं करून पाठवलं आणि पॅटर्न करणाऱ्याने नेहमीप्रमाणे परत एक टक्का वाढवलं. ४०० मिलिमीटरच्या भागावर ४ मिलिमीटर जादा. फाइलच्या नावात "पार्ट", "कास्टिंग", "पॅटर्न" यांपैकी एक शब्द आणि वाढ दिली आहे की नाही हे लिहिलं असतं तर पॅटर्न वाया गेला नसता. फाइलच्या नावात "फायनल" हा शब्द वापरू नका. तारीख आणि बदलाचा क्रमांक घाला, जुना क्रमांक वेगळ्या फोल्डरमध्ये टाका.

गिऱ्हाइकाकडून येणाऱ्या फाइलींबाबतही तेच. थ्रीडी मॉडेल स्टेप फाइलमध्ये मागा, जुन्या आयजीईएस फाइलीत पृष्ठभागांना फटी राहतात आणि एसटीएल म्हणजे नुसते त्रिकोण असतात, त्यात गोल भोक हे गोल भोक उरत नाही. पण मॉडेल एकटं कधीच घेऊ नका, सोबत ड्रॉइंगची पीडीएफ हवीच, कारण सहसा टॉलरन्स, आटे आणि फिनिश तिथेच असतात. आणि दोन्हींत फरक निघाला तर खरं कोणतं, हे काम सुरू होण्याआधी ईमेलवर लिहून घ्या. हे फक्त छोट्या शॉपचं दुखणं नाही. एअरबसच्या ए-३८० विमानाला २००६ मध्ये जो मोठा उशीर झाला त्याचं एक ठळक कारण हेच होतं. जर्मनी आणि फ्रान्समधले डिझाइनर एकाच कॅड सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर काम करत होते, आणि हँबुर्गहून आलेल्या वायरींच्या जुड्या तुलूजला विमानात बसवताना अपुऱ्या पडल्या.

उन्हाळ्याचाही विचार करा. ड्रॉइंगवरचं माप २० अंशांना असतं असं जगभर धरलं जातं. भोसरीत एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली ३८ अंश सहज होतं. ३०० मिलिमीटरची अॅल्युमिनियमची प्लेट १८ अंशांनी तापली की सुमारे ०.१२ मिलिमीटरने वाढते, पोलाद त्याच्या निम्मं. पोलादाच्या जॉबला तुमची पोलादी मापनं बरीचशी सोबत वाढतात म्हणून निभावतं. अॅल्युमिनियमला मात्र ०.०६ चा फरक उरतो आणि गिऱ्हाइकाच्या एसी असलेल्या खोलीत तो नग लहान भरतो. कट घेतल्या घेतल्या गरम जॉब मोजणं तर त्याहून वाईट. मोठ्या लांबीवर घट्ट टॉलरन्स असेल तर सकाळी लवकर फिनिश करा, जॉब आणि गेज रात्रभर एकाच टेबलावर ठेवा.

मोजण्यावरून आठवलं. व्हीएमसीच्या अंदाजपत्रकात मोजणीची साधनं जवळजवळ कोणी धरत नाही. ७२ एच ७ ची सगळी मोकळीक ३० मायक्रॉन. तुमच्या व्हर्नियरचं लघुतम माप २० मायक्रॉन. त्याने हे भोक पास-नापास ठरवता येत नाही. बोअर गेज, सेट करायला रिंग किंवा मायक्रोमीटर, हाइट गेज, चांगली डायल आणि सपाट ग्रॅनाइट टेबल लागेल. याशिवाय होल्डर, कोलेट, एक खरी चांगली व्हाइस, एज फाइंडर, कॉम्प्रेसर, स्टॅबिलायझर, पाया. मी सल्ला देतो तेव्हा मशीनच्या किमतीचा पाचवा हिस्सा या सगळ्यासाठी बाजूला ठेवायला सांगतो. पैसे कमी पडत असतील तर मशीन एक आकार लहान घ्या, व्हाइस स्वस्त घेऊ नका.

आता सॉफ्टवेअर. तुमच्या वर्णनावरून तुमचं बहुतांश काम अडीच अक्षांचं (एका खोलीवर आडवं कापायचं, मग पुढच्या खोलीवर उतरायचं) असेल: फेस, खिसे, भोकं, बोअर, आटे. एवढ्याला बाजारातलं कुठलंही नावाजलेलं कॅम पुरतं. सॉलिडवर्क्स, फ्यूजन, मास्टरकॅम, एनएक्स, क्रिओ, सगळ्यांनी हे काम होतं. निवडताना तीनच गोष्टी बघा. तुमच्या स्वतःच्या तीन जॉबचे प्रोग्रॅम विक्रेत्याकडून तुमच्यासमोर करून घ्या, त्याच्या तयार नमुन्यांवर समाधान मानू नका. पोस्टचं वर सांगितलंय. आणि अडल्यावर चिंचवड-भोसरी भागात येऊन बसणारा माणूस कोणत्या सॉफ्टवेअरला मिळतो ते चौकशी करून ठरवा. मशीन येईपर्यंत मुलाने फ्रीकॅडवर सराव करावा. ते मोफत आहे, धंद्यातही कायदेशीर वापरता येतं आणि त्यात साधं कॅमही आहे. क्रॅक केलेली कॉपी मात्र शॉपमध्ये येऊ देऊ नका. मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट आलं की ती पहिल्यांदा दिसते आणि मग चांगलं काम करूनही वेंडर यादीतून नाव जातं.

मुलाला सहा महिने द्या. सुरुवातीचे दोन तुमच्या लेथवर आणि फाइलिंगला. टूल धातूत शिरतं तेव्हा काय आवाज येतो, बर (कापल्यावर कडेला राहणारी धार) कुठल्या कडेला येते, ड्रिल सरकतं कसं, हे हाताला कळलं की पडद्यावरचं टूल त्याला जिवंत वाटायला लागेल. मग औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमच्या सीएनसी आणि कॅमच्या छोट्या कोर्सची चौकशी करा, तिथे खऱ्या मशीनवर हात चालवायला मिळतो. आणि रोज एक जुनं ड्रॉइंग वाचायला द्या. नुसतं बघायचं नाही, प्रत्येक टॉलरन्स का दिलाय ते तोंडाने सांगायचं. लक्ष्मणराव किर्लोस्कर कारखानदार होण्याआधी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक ड्रॉइंग शिकवत होते. १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी उभी करणाऱ्या माणसाच्या हातात आधी ड्रॉइंग होतं, हे मला मुलांना सांगायला आवडतं.

मशीनची ऑर्डर देण्याआधी तो परत पाठवलेल्या जॉबचा कागद आणि त्यातली तीन ड्रॉइंग मुलासमोर ठेवा. लाल पेनाने फक्त तीच मापं गोल करायला सांगा जिथे दुसरा कुठलातरी भाग येऊन बसतो आणि शेजारी त्या भागाचं नाव लिहायला लावा. एखादं बेअरिंगचं हाउसिंग असेल तर ड्रॉइंगवर बेअरिंगचा नंबर आहे का बघा. नसेल तर गिऱ्हाइकाला आजच फोन करून विचारा.